कंदीलवालीचा स्पेशल

बाबा, मला भीती वाटते आहे. आधी हेच लिहून टाकते, कारण घरात हे कोणाला सांगायची सोय नाही. आईला सांगितलं तर ती पदराचं टोक तोंडात धरून बसेल. यांना सांगितलं तर हे म्हणतील, "तुझ्या मनावर आहे." अहो, माझ्या मनावर आहे म्हणूनच तर जीव धाकधूक करतो ना! तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आता बसले तर गाऱ्हाणं घेऊनच बसले. पण लाखांदूरच्या त्या दुकानात तुम्ही जन्मभर दुसऱ्यांची गाऱ्हाणीच टाइप केलीत, त्यात एक माझंही. शाळेत पोरांना शुद्धलेखन शिकवते म्हणून हात असा पुस्तकी चालतो, तेवढं चालवून घ्या.

दादाच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. दीड वर्ष झालं, आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला डायलिसिस. सकाळच्या एसटीनं जातो, संध्याकाळी सुकलेल्या तोंडानं परत येतो आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो. तुमचंच दुकान, बाबा. आता तिथं ऑनलाइन फॉर्म भरतात, पण खुर्ची तीच आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की किडनी बदलवावी लागेल. आईला शुगर, तिची चालत नाही. वहिनीचा रक्तगट जुळत नाही. राहिले मी. माझं सगळं जुळलं, रक्त जुळलं आणि त्याच्या पुढचं जे काय असतं तेही जुळलं. रिपोर्ट आला त्या दिवशी वहिनींनी माझ्या पायावर डोकं ठेवलं. "अहो वहिनी, उठा ना, असं काय करता," म्हणत मी त्यांना उचललं, आणि उचलता उचलता कळलं की आता आपल्याला नाही म्हणता येणार नाही. 

भीती कशाची म्हणाल, तर सगळ्याचीच. डॉक्टरनं स्वतःच्या कमरेवर बोट फिरवून दाखवलं, इथून इथपर्यंत कापू. इतक्या सहज, जसा शिंपी कापडावर खडू ओढतो. वॉर्डात एक बाई पाहिली, तिनं नवऱ्याला किडनी दिलेली. भिंत धरून वाकून चालत होती, मला पाहून हसली. तिच्या हसण्यानं मला जास्तच धडकी भरली. बेशुद्ध केलं आणि उठलेच नाही तर? उठले, आणि राहिलेली एक दहा वर्षांनी बिघडली तर? माझी पोरगी सात वर्षांची आहे, तिला वेणी घालायला माझ्याशिवाय कोणी चालत नाही. परवा वरणात दोनदा मीठ टाकलं. काल फळ्यावर तारीख लिहिताना खडू हातातून पडला तर पोरं हसली, आणि मी उगाच एकाला रागावले.

त्यात त्या दवाखान्यातल्या मॅडमनं आणखी घोळ करून ठेवला. त्यांचं कामच ते, देणाऱ्याशी एकटीशी बोलायचं. सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि मला विचारलं, "तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?" मी म्हटलं, नाही. मग म्हणाल्या, "ताई, तुम्हाला नसेल करायचं तर मला फक्त सांगा. आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो की तुम्ही यासाठी योग्य नाही. कारण सांगत नाही. कोणाला कधीच कळणार नाही." शुक्रवारी दुपारपर्यंत फोन करा म्हणाल्या. आज बुधवार आहे. त्या बोलल्या तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दवाखाना नव्हता, बाबा. तुमच्या दुकानातला तो की-बोर्ड होता, आणि त्यातलं एक बटन.

तुम्हाला तो गेम आठवतो का? दादानं कुठून तरी त्याची सीडी आणली होती. तो तेव्हा चौदाचा, मी अकराची. दुकानात एकच कम्प्युटर, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हाच खेळायची परवानगी. त्यात एक तलवारवाला आणि त्याची सोबतीण, हातात कंदील घेतलेली एक पोरगी. सात किल्ले जिंकायचे. तलवारवाला दादाचा. कंदीलवाली माझी, कारण मी लहान आणि मुलगी. मी एकदा म्हटलं, मलाही तलवार पाहिजे, तर दादा म्हणाला, "नकटे, सोबतीण व्हायचं असन तर हो, नाहीतर धानाचे परे लावाले जाय." तुम्ही टायपिंग करता करता हसलात, आणि मी रुसून बसस्टँडपर्यंत गेले. परत आले तेव्हा तुम्ही मला सांगितलं, कंदीलवालीला नाव ठेवता येतं. मी तिला माझंच नाव दिलं. इंग्रजी अक्षरांत माझं नाव पडद्यावर, त्याच्या बाजूला हिरवी पट्टी. काय तोरा होता मला त्याचा!

तुम्हाला तो गेम आवडायचा, कारण त्यात घाई नव्हती. एकदा दादाची बारी, एकदा माझी, एकदा राक्षसाची. आपली बारी असेल तोवर राक्षस जागच्या जागी डुलत उभा राहतो, तुम्ही जेवून या, तरी तो हात उचलत नाही. तुम्ही म्हणायचे, "हे बरं आहे, टायपिंगसारखं. आधी विचार करा, मग बोट ठेवा." गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलेली माणसं तुमच्याकडे अर्ज टाइप करायला यायची, तीही आमच्या मागं उभी राहून पाहायची. एक म्हातारा तर राक्षसाला पाहून म्हणाला होता, "हा साहेब भला दिसते, आपलं आयकून त घेते."

कंदीलवालीकडे एक स्पेशल होता. एसचं बटन दाबलं की ती कंदील उंच धरते, तिच्यातला सगळा उजेड तलवारवाल्याकडे जातो, त्याची पट्टी भरून वाहते आणि त्याचा पुढचा घाव तिप्पट पडतो. आणि ती स्वतः विझते. तिची पट्टी रिकामी होते आणि ती खाली बसते. पहिल्या सहा किल्ल्यांत मी तो बिनघोर वापरला, कारण लढाई संपली की ती पुन्हा उठायची. पण दादानं डिक्शनरी घेऊन सातव्या किल्ल्याची पाटी वाचली आणि मला सांगितलं, "इथं जो पडला तो उठत नाही. नाव पुसून जाते." तो एवढंच बोलला, आणि त्या दिवशी रात्रीचं जेवण मला गेलं नाही. तुम्ही विचारलं, काहून वं जेवत नाहीस, मी म्हटलं, पोट दुखते.

शेवटच्या लढाईचा दिवस दिवाळीच्या सुट्टीतला होता. दुकानात आम्ही दोघंच, तुम्ही तहसीलमध्ये शिक्का घ्यायला गेले होते. सातव्या किल्ल्यात लोखंडी तोंडाचा राक्षस होता आणि तिथं गेम सेव्ह होत नव्हता. उन्हाळ्यापासून दादा तिथपर्यंत यायला खपला होता. त्याची पट्टी एवढीशी राहिली, लाल. माझी अर्धी होती. बारी माझी आली. "मार स्पेशल," दादा म्हणाला. मी बटनावर बोट ठेवलं आणि पडद्यावर माझं नाव पाहिलं. हिरव्या पट्टीच्या बाजूला माझं नाव. "मार ना वं! काय पाहून राहिली?" मी म्हटलं, थांब, विचार करते. बाबा म्हणतात विचार करा म्हणून.

खरं सांगू का मी कशाची वाट पाहत होते? लाइन जायची. तेव्हा लोडशेडिंगमुळे आपल्याकडे रोज दोन वाजता लाइन जायची, ती सहाला यायची. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते. मी हिशेब केला की पंधरा मिनिटं काढली की लाइन जाईल, पडदा काळा होईल, आणि कोणालाच काही करावं लागणार नाही. दादा पडला नाही, मी विझले नाही, लाइन गेली, बस्स. हे असलं डोकं आपल्याकडच्याच पोरांचं चालेल. मी पाणी प्यायले. पायात काटा गेला म्हणून तळवा पाहत बसले. दादा चिडून चिडून रडकुंडीला आला, पण बटनाला हात लावला नाही त्यानं, कारण ठरलं होतं, ज्याची बारी त्याचा हात. दोन वाजले. दोन वाजून दहा झाले. त्या दिवशी लाइन गेली नाही, बाबा. वर्षातून एखाद्या दिवशी जात नसेल, तो नेमका तो दिवस. राक्षस आपला डुलतोय, वाट पाहतोय. मला त्याची भीती वाटली. तो मारणार म्हणून नाही. तो थांबला होता, म्हणून.

मग मी बाजूचं बटन दाबलं, ढालीचं. कंदीलवालीनं स्वतःपुढं ढाल धरली. राक्षसानं दादाला मारलं आणि पडदा काळा झाला. दादा ओरडला, "काय केलं तू!" आणि माझ्या तोंडातून निघालं, "मी दाबलं होतं. बटन खराब आहे. मी दाबलं, ते चाललंच नाही." तो बाहेर जाऊन सायकलच्या स्टँडपाशी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी खुर्चीतच होते. तेवढ्यात तुम्ही आले.

तुम्ही विचारलं, मी तेच सांगितलं, बटन खराब आहे. तुम्ही पिशवी ठेवली, चष्मा लावला, की-बोर्ड उलटा करून आपटला, त्यातून मुरमुरे पडले. ते बटन काढून स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, परत बसवलं, टाइप करायचं कोरं पान उघडलं आणि दाबलं. पानभर एसची रांग धावत गेली. तुम्ही बोट उचललं, परत ठेवलं, परत रांग धावली. बटनाला काही झालेलं नव्हतं. मी पाहिलं, तुम्हीही पाहिलं. मला वाटलं, आता कानाखाली बसते. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पान बंद केलं, भंगारातल्या जुन्या की-बोर्डचं एक पिवळं पडलेलं बटन काढून तिथं लावलं, आणि बाहेर दादाला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "खराबच होतं रे! बदलवून देल्लं." काढलेलं बटन तुम्ही माझ्या हातात दिलं. "ठेव," एवढंच म्हणाले. पांढऱ्या बटनांमध्ये ते एक पिवळं एस तुमचा कम्प्युटर विकेपर्यंत राहिलं. मी त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नाही.

ते काढलेलं बटन माझ्याकडे आहे. लग्न होऊन आसगावला आले तेव्हा पाकिटात टाकून आणलं. यांना वाटतं, तो तुमची आठवण म्हणून जपलेला दुकानाचा तुकडा आहे. तुम्ही मला सांभाळून घेतलंत, हे मला अकराव्या वर्षीही कळलं होतं. पण चार वर्षांनी तुम्ही त्याच खुर्चीत बसल्याबसल्या गेले, आणि खरं काय ते सांगायचं राहूनच गेलं. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, आता कोणी विचारणार नाही. वडील गेल्यावर असं वाटणारी पोरगी कशी असेल, सांगा बरं.

आता त्या मॅडम मला म्हणतात, आम्ही सांगू बटन खराब आहे. शब्द त्यांचे वेगळे, पण तेच ते. आणि बाबा, मी परत तेच करून राहिले आहे. लाइन जायची वाट पाहते आहे. मला ताप यावा, म्हणजे तारीख पुढं जाईल. रिपोर्टमध्ये काहीतरी निघावं, छोटंसं. कोणा अनोळखी माणसाची किडनी अचानक मिळावी, म्हणजे कोणी तरी मरावं, असंसुद्धा मी मनात आणलं. मग एकदा हेही ध्यानात आलं की मी अशीच थांबून राहिले तर या वेळी जाईल ती लाइन नसेल, दादा असेल. हे ध्यानात आल्यावर मी कपडे वाळत घालत होते ते तसेच बादलीत टाकून आत येऊन बसले.

आज शुक्रवार. हे पत्र दोन दिवस पोळ्यांच्या डब्याखाली पडून होतं.

काल शाळा सुटल्यावर मी एसटी धरून लाखांदूरला गेले. ठरवलं होतं की काही नाही, फक्त पाहून येऊ. दुकानात दादा एकटाच होता, एका म्हाताऱ्याचा पेन्शनचा फॉर्म भरत. हाताला डायलिसिसची पट्टी. म्हातारा गेल्यावर मला म्हणाला, "बस. तोंड काहून असं करून आली? परीक्षेत नापास झाली का मास्तरीण?" मी हसायला गेले आणि रडायलाच लागले. दुकानात, भर दिवसा, रस्त्यावरून माणसं जात असताना. मी म्हटलं, "दादा, मले भेव लागते. लय भेव लागते." एवढंच बोलता आलं. त्यानं उठून शटर अर्धं खाली ओढलं आणि माझ्या बाजूला स्टूल घेऊन बसला. मग म्हणाला, "मलेही लागते वं. माह्यासाठी कमी, तुह्यासाठी जास्त. तुले काही झालं तर तुह्या पोरीसमोर कोणत्या तोंडानं जाऊ मी?"

मी पदरानं डोळे पुसले. तो म्हणाला, "नको देऊ. मी डायलिसिसवर चालवून घेतो, चालवून राहिलोच ना." मी म्हटलं, घरी काय सांगायचं? वहिनींना काय सांगायचं? तर दादानं माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी, आणि म्हणाला, "सांगून देऊ, बटन खराब आहे म्हणून."

बाबा, मी त्याच्याकडे पाहत राहिले. तो टेबलावरचे कागद सरळ करत होता, ते आधीच सरळ होते. मी विचारलं, "तुले मालूम होतं?" तो म्हणाला, "त्याच दिवशी. दुकान बंद करून घरी जाताना बाबानं सांगितलं. म्हणे, बटन चांगलं होतं, ती भेली. म्हणे, तू मोठा आहेस, तिले कधी विचारशील नको." तेवीस वर्षं, बाबा! तेवीस वर्षं तो माणूस माझ्याशी भांडला, माझ्या लग्नात नाचला, माझ्या पोरीला खांद्यावर घेऊन फिरला, आणि एकदा म्हणून त्यानं विचारलं नाही. तुम्ही दोघांनी मिळून मला येडं बनवलंत. मला तुमचा इतका राग आला की तुम्ही समोर असता तर भांडलेच असते. मी तेवढं ओझं एकटीनं कशाला वाहिलं मग? सांगायचं तरी होतं, की दादाला माहीत आहे, त्यानं माफ केलं आहे, जा, खेळ.

मी पाकिटातून बटन काढून त्याला दिलं. त्यानं ते उलटं करून पाहिलं, अंगठ्यानं दाबलं, हवेतच, आणि परत माझ्या हातात ठेवलं. "तुही बारी आहे," म्हणाला. "मी बोट लावत नाही." मग शटर वर केलं, कारण बाहेर दोन बायका सातबारा काढायला येऊन उभ्या होत्या. मी शेवटच्या एसटीनं परत आले.

आज शाळेत रजा टाकली आणि फोन केला. मॅडमना म्हटलं, "मी येते. बटन चांगलं आहे." त्या म्हणाल्या, "काय?" मी म्हटलं, "काही नाही, येते म्हणून लिहा." त्यांनी तारीख दिली, पुढल्या महिन्याची. मला वाटलं होतं, एकदा सांगून टाकलं की भीती जाईल. काही गेली नाही. उलट आता तिला तारीख मिळाली. हे बाहेर ओसरीत पोरीचे बूट शोधत आहेत, पोरगी ओरडते आहे, आणि मी इथं बसून स्वतःच्या कमरेवर बोट फिरवून पाहते आहे, इथून इथपर्यंत.

हे पत्र कुठं टाकणार? बटनाबरोबर पाकिटात घडी करून ठेवते. पण तुमच्यापुढं या वेळी खोटं राहायला नको, म्हणून एक लिहून जाते. तुम्हाला वाटेल, पोरगी शहाणी झाली, सकाळीच फोन करून मोकळी झाली असेल. नाही, बाबा. मी दुपारी एकला फोन हातात घेतला आणि घड्याळाकडे पाहत बसले. आता आपल्याकडे दोनला लाइन जात नाही, कधीचीच जात नाही, मला माहीत आहे. तरी मी दोन वाजून पाच मिनिटांपर्यंत थांबले होते.